परांची, बोरघाट आणि पाण्यातला हायड्रोजन

८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जपानचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन आणि कॅलिफोर्नियातले ओमर याघी या तिघांना ते रेणूंच्या मापाच्या, आतून पोकळ जाळ्या बनवल्याबद्दल मिळालं, आणि बातम्यांतून एक वाक्य फिरू लागलं: या लोकांच्या चमचाभर पावडरीत फुटबॉलचं अख्खं मैदान मावतं. वाक्य खरं आहे. कसं खरं आहे ते पुढे येईलच. पण आठवडाही उलटला नसेल, तोवर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा पुढचा अवतार येऊन धडकला: ‘नोबेलवाल्या पावडरीने आता पाण्यातून फुकट हायड्रोजन, पेट्रोलपंप बंद होणार.’ खाली अकरा अंगठे आणि दोन नमस्कार.

या फॉरवर्डला निव्वळ थाप म्हणता येत नाही. या जाळीदार पदार्थांचा वापर करून पाण्यातून हायड्रोजन काढायचे प्रयोग जगभर जोरात चालू आहेत. त्यातला ‘फुकट’ हा शब्द मात्र काढावा लागेल, आणि ‘नोबेलवाली पावडर’ या शब्दांवरही थोडं भांडावं लागेल. तेच भांडण या लेखात करायचं आहे.

## पाणी म्हणजे राख

हायड्रोजन जळतो तेव्हा त्याचं पाणी होतं. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. चुलीतल्या राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर लाकूड जळताना जेवढी ऊर्जा मिळाली तेवढी तरी परत घालावीच लागणार. पाण्याचं तसंच आहे. त्यामुळे ‘पाण्यावर चालणारी गाडी’ दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी उगवते आणि तशीच मावळते, त्याचं कारण एवढंच: राखेवर चूल पेटत नाही.

मग ही राख पुन्हा लाकूड करायची खटपट कशाला? कारण हायड्रोजन आपल्याला लागतोच. गाड्यांना नव्हे, आत्ता, या घडीला. चेंबूरच्या किंवा अलिबागजवळच्या थळच्या आरसीएफ या खत कारखान्यात अमोनिया बनतो, त्यासाठी हायड्रोजन लागतो, आणि त्या अमोनियाचा पुढे युरिया होतो. शेतात फुटणाऱ्या युरियाच्या प्रत्येक गोणीत कुठून तरी आलेला हायड्रोजन असतो. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनाही डिझेलमधलं गंधक काढायला तोच लागतो. जगभरात वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास हायड्रोजन खपतो.

तो बनतो मुख्यतः नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्यापासून, भट्टीत तापवून. या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ज्याला ‘स्वच्छ इंधन’ म्हणून मिरवतात त्याचा जन्म हा असा धुरात होतो. एकूण उत्पादनात खरोखर कमी कार्बनवाला हायड्रोजन अजून एक टक्कासुद्धा नाही.

पाणी विजेने फोडायचं, वीज सौर किंवा पवनऊर्जेची घ्यायची, म्हणजे तो ‘हरित’ हायड्रोजन. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी १९,७४४ कोटींचं अभियान मंजूर केलं आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने स्वतःचं हरित हायड्रोजन धोरणही आणलं. तर प्रश्न असा, की पाणी कमीत कमी विजेत कसं फोडायचं. इथे घाट लागतो.

## कर्जत ते लोणावळा

मुंबईहून पुण्याला येणारी गाडी कर्जतला थांबते ती वड्यासाठी नव्हे. तिथे तिला मागून बँकर इंजिनं लावतात, कारण पुढे सदतिसास एक असा चढ आहे. लोणावळा उंचावर आहे आणि तेवढं चढावंच लागतं, त्यात कोणाची सुटका नाही.

पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणं म्हणजे असंच कर्जतहून लोणावळ्याला जाणं. या चढाची उंची ठरलेली आहे: १.२३ व्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातल्या पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, म्हणजे कागदावर तो एक सेलही पुरायला हवा. प्रत्यक्षात १.२३ वर भांड्यात काहीही घडत नाही. जोमाने बुडबुडे हवे असतील तर १.८, १.९, कधी २ व्होल्टपर्यंत जावं लागतं. हा वरचा दाब कुठे जातो?

कल्पना करा, १८६३ मध्ये बोरघाटात रेल्वे सुरू झाली तेव्हा बोगदे खणलेच नसते. गाडीला आधी नागफणीच्या सुळक्यावर चढून मग लोणावळ्यात उतरावं लागलं असतं. सुळक्यापर्यंतची ती जादा चढाई सगळी वाया, कारण शेवटी पोचायचं लोणावळ्यालाच. पाण्याचा रेणू तुटताना मध्ये अशाच काही अवघड, अर्धवट अवस्था येतात. जुना बंध तुटलेला असतो, नवा जुळलेला नसतो. तो हा सुळका.

उत्प्रेरक म्हणजे बोगदा. जो पदार्थ स्वतः न संपता दुसऱ्यांची रासायनिक क्रिया सोपी करतो तो उत्प्रेरक, ही शाळेतली व्याख्या. (विरजणाचं उदाहरण देतात ते मला पटत नाही. विरजण वाढतं, जिवंत असतं. उत्प्रेरक वाढत नाही आणि संपत नाही.) बोगद्याने सुळका टळतो. लोणावळा मात्र तिथेच राहतं. कितीही नोबेल मिळालेला पदार्थ आणला तरी १.२३ चे १.२२ होत नाहीत. ‘फुकट’ हा शब्द इथेच बाद.

आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत सहसा येत नाही. पाणी फोडताना दोन टोकांवर दोन वेगळ्या क्रिया होतात. एका टोकाला हायड्रोजन सुटतो, ती बाजू तशी सोपी. दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटतो आणि तिथे एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात. खरी दमछाक त्या बाजूला आहे. हवा आहे हायड्रोजन, आणि खर्च होतो तो न मागितलेल्या ऑक्सिजनवर.

हे तंत्र नवं मुळीच नाही. पंजाबात नांगलला भाक्राच्या विजेवर पाणी फोडून, त्या हायड्रोजनपासून खत करायचा कारखाना १९६० च्या दशकात चालू होता. तिथल्याच हायड्रोजनवर १९६२ मध्ये अणुभट्ट्यांना लागणाऱ्या जड पाण्याचा देशातला पहिला प्रकल्प उभा राहिला.

## मग बोगदे आहेतच की?

आहेत, पण महाग. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमइतका चांगला उत्प्रेरक दुसरा नाही. ऑक्सिजनच्या बाजूला, पाणी फोडायच्या आम्लधर्मी यंत्रात, इरिडियम हा धातू लागतो. जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन इरिडियम निघतं, तेही प्लॅटिनमच्या खाणीत जोडीला म्हणून, आणि बहुतेक सगळं दक्षिण आफ्रिकेत. एका ट्रकमध्ये मावेल एवढ्या धातूवर अख्ख्या जगाचा हायड्रोजन उभा करायचा, हे गणित कोणालाच झेपणारं नाही.

दुसरा रस्ता म्हणजे कॉस्टिक पोटॅश या दाहक अल्कलीच्या तीव्र द्रावणात निकेल वापरायचं. हे स्वस्त आणि जुनं, भरवशाचं. पण निकेलचा बोगदा जरा उंचावरून जातो. म्हणून सगळ्यांचा शोध एकाच गोष्टीचा आहे: निकेल, कोबाल्ट, लोखंड असे साधे धातू घ्यायचे आणि त्यांच्याकडून इरिडियमसारखं काम करून घ्यायचं.

यात एक मेख आहे. क्रिया फक्त पृष्ठभागावर होते. धातूचा गोळा घेतला तर आतले कोट्यवधी अणू नुसते बसून खातात, राबतात ते वरचे. मग असा पदार्थ मिळाला, की ज्यात जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असेल तर?

## परांची

इमारतीला रंग देताना बाहेरून बांबूची परांची बांधतात. उभे-आडवे बांबू, आणि जिथे ते भेटतात तिथे काथ्याची गाठ. वजनाच्या मानाने परांची किती प्रचंड जागा घेरते बघा. जवळजवळ सगळी पोकळच. आणि तिचा प्रत्येक बांबू, प्रत्येक गाठ उघड्यावर असते. आत लपलेलं असं काहीच नाही.

नोबेल मिळालेली वस्तू म्हणजे ही परांची, रेणूंच्या मापाची. गाठींच्या जागी धातूचे अणू किंवा त्यांचे छोटे पुंजके, बांबूंच्या जागी कार्बनचे लांबट रेणू. नाव धातू-सेंद्रिय जाळी, आणि इंग्रजी आद्याक्षरं जोडून सगळे तिला ‘मॉफ’ म्हणतात. यातला ‘सेंद्रिय’ हा रसायनशास्त्रातला शब्द, म्हणजे कार्बनचा. सेंद्रिय गुळाशी त्याचा संबंध नाही. उलट मॉफमधला सगळ्यात लोकप्रिय बांबू म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल, ज्यापासून पॉलिस्टरचा धागा आणि पाण्याच्या बाटल्या होतात. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला ते टनांनी बनतं.

रॉब्सन यांना ही कल्पना सुचली ती लाकडी गोट्यांमुळे. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना रेणूंच्या प्रतिकृती करून दाखवायच्या होत्या. गोट्यांना भोकं पाडायला सुताराकडे द्यायची, तर भोक नेमकं कुठे हवं ते आधी खुणा करून सांगावं लागलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागा बरोबर असल्या की पुढची रचना आपोआप बरोबर होते, जोडणाऱ्याला डोकं लावावंच लागत नाही. मग खऱ्या अणूंकडूनही असंच का करवून घेऊ नये? हा विचार त्यांनी दहा-बारा वर्षं नुसता बाळगला. १९८९ मध्ये तांब्याचे अणू आणि चार हातांचा एक रेणू एकत्र करून हिऱ्यासारखी, पण आतून पोकळ जाळी त्यांनी प्रसिद्ध केली. मात्र ती फार नाजूक होती, आणि हिचं करायचं काय, असं म्हणणारेच जास्त होते.

कितागावांनी १९९७ मध्ये अशी जाळी केली जिच्या पोकळीत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन शिरत, बाहेर येत, आणि जाळी शाबूत राही. याघींनी १९९५ मध्ये या कुटुंबाला मॉफ हे नाव दिलं आणि १९९९ मध्ये मॉफ-५ आणली: जस्ताच्या गाठी, टेरेफ्थॅलिक आम्लाचे बांबू. आतून पूर्ण रिकामी केली आणि ३०० अंशांपर्यंत तापवली तरी ती कोसळली नाही. याघी वाढले जॉर्डनमधल्या अम्मानला, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात. पुढे त्यांनीच वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी टिपणाऱ्या जाळ्या केल्या.

आता ते मैदान. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केलेल्या एका मॉफचं पृष्ठफळ ग्रॅमला ७,१४० चौरस मीटर भरलं. फुटबॉलचं ठरलेल्या मापाचं मैदान १०५ गुणिले ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. योगायोग, पण अगदी रुपयाला रुपया जुळलेला. एका ग्रॅममध्ये मैदान.

## जाळी बोगद्याचं काम कशी करते?

परांचीवर काम करायच्या तीन जागा असतात आणि मॉफमध्येही तशाच तीन आहेत.

पहिली गाठ. धातूच्या अणूचा एखादा हात मोकळा ठेवला तर पाण्याचा रेणू त्याला येऊन चिकटतो आणि तिथे तुटतो. गाठी एकसारख्या आणि ठरावीक अंतरावर असल्याने कोणता अणू काय करतो ते तपासता येतं. साध्या निकेलच्या पत्र्यावर हे कळणं महाकठीण.

दुसरी जागा बांबू. कार्बनचा रेणूच असा निवडायचा की तो प्रकाश शोषेल किंवा वीज वाहील.

तिसरी म्हणजे मधल्या रिकाम्या खोल्या. प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण तयार केले की ते एकमेकांना चिकटून गोळा होऊ पाहतात. त्यांना एकेका खोलीत कोंडलं की ते वेगळे राहतात, आणि थोड्या प्लॅटिनममध्ये जास्त काम होतं.

विजेशिवाय, थेट सूर्यप्रकाशाने पाणी फोडायचे प्रयोग बांबूच्या जोरावर चालतात. २०१० मध्ये झिर्कोनियम या धातूच्या जाळीवर प्रकाश पाडून पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणातून हायड्रोजन मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. मथळा मोठा झाला. पण त्या वाक्यातल्या ‘आणि मिथेनॉल’वर बोट ठेवा. ऑक्सिजनची बाजू अवघड, हे वर पाहिलं. ती टाळण्यासाठी भांड्यात मिथेनॉल किंवा तसलंच एखादं रसायन घालतात. ते स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, पाण्याला ऑक्सिजन सोडावाच लागत नाही. शास्त्रज्ञ त्याला सभ्य भाषेत ‘त्यागी’ द्रव्य म्हणतात. आपल्याकडे बळीचा बकरा म्हणतील. हायड्रोजन मिळतो, पण दुसरं एक रसायन खर्ची पडतं. गाडी सुळक्यावर चढलीच नाही, तिला क्रेनने उचलून ठेवलं. अभ्यास म्हणून हे ठीकच आहे, अर्धी क्रिया सुटी करून समजून घ्यायला ते लागतंच. मात्र ‘सूर्यप्रकाश आणि पाण्यापासून हायड्रोजन’ या मथळ्यांपैकी बरेच या अर्ध्या क्रियेचे असतात.

## पावसात परांची टिकेल का?

हा आक्षेप कोणाही घरमालकाच्या मनात पहिला येईल, आणि तो अगदी बरोबर आहे. मॉफ-५ चा मोठेपणा सांगून झाला, पण ती साध्या दमट हवेत विरते. जस्ताची गाठ पाण्याला बांबूपेक्षा जवळचं मानते आणि बांबू सोडून देते. मुंबईच्या जुलैत ही पावडर उघडी ठेवली तर मैदान काही तासांत चिखल होईल. आणि आपल्याला तर तिला पाण्यातच बुडवायचं आहे.

उपाय आहे: गाठ मजबूत करा. ऑस्लो विद्यापीठात २००८ मध्ये केलेल्या यूआयओ-६६ मध्ये बांबू तोच, टेरेफ्थॅलिक आम्ल. पण मॉफ-५ च्या एका गाठीत सहा बांबू येतात, इथे झिर्कोनियमच्या एका गाठीत बारा. ही जाळी पाण्यात निवांत टिकते. परंतु कारखान्यातलं निकेलवालं यंत्र साधं पाणी वापरत नाही. तिथे पंचवीस-तीस टक्के कॉस्टिक पोटॅश असतं, सत्तर-ऐंशी अंश गरम. त्यात यूआयओ-६६ चीही धडगत नाही.

दुसरी अडचण: बहुतेक मॉफ वीज वाहत नाहीत. बांबूमधून वीज जात नाही, इतकं सोपं कारण. गाठीपर्यंत इलेक्ट्रॉन पोचलाच नाही तर तिथे बसलेला उत्तम कारागीर करणार काय? वीज वाहणाऱ्या जाळ्या आता आहेत, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत निकेलची एक चांगली जाळी झाली, पण अशा जाळ्या मोजक्याच. म्हणून काही जणांनी जाळी अगदी पातळ केली. २०१६ मध्ये निकेल आणि कोबाल्टच्या मॉफचे अतिपातळ पापुद्रे करून ऑक्सिजनच्या बाजूची जादा चढाई ०.२५ व्होल्टवर आणल्याचं प्रसिद्ध झालं. इरिडियम न वापरता हा आकडा फार चांगला.

पण कोणत्या वेगाला? प्रयोगशाळेत तुलना करायची रीत म्हणजे नखाएवढ्या, एका चौरस सेंटिमीटरच्या पट्टीतून १० मिलिअँपिअर प्रवाह. कारखान्यातल्या आधुनिक आम्लधर्मी यंत्रात त्याच जागेतून हजार-दोन हजार मिलिअँपिअर जातात. रिकाम्या गल्लीत सायकल झकास चालली म्हणून ती द्रुतगती मार्गावर चालेलच असं नाही.

## शेवटी काम कोण करतं?

आता या विषयातला मला सर्वात रंजक वाटणारा भाग.

निकेल किंवा कोबाल्टची मॉफ कॉस्टिकमध्ये ठेवून वीज सोडली, की बहुतेक वेळा थोड्याच वेळात बांबू सुटतात. धातू तिथेच राहतो आणि त्याचे हायड्रॉक्साइड, ऑक्सिहायड्रॉक्साइड बनतात. परांची पडते, गाठी उरतात. आणि तरी उत्प्रेरक काम करतच राहतो, कधी पहिल्यापेक्षा चांगलं. म्हणजे जिच्या नावाने शोधनिबंध छापला ती जाळी प्रयोगाच्या सुरुवातीलाच गेलेली असते आणि काम तिचे अवशेष करत असतात. या क्षेत्रातले लोक आता उघडपणे हा प्रश्न विचारतात: मॉफ हा उत्प्रेरक आहे, की उत्प्रेरक बनवायचा कच्चा माल?

काही जण तर ही जाळी मुद्दाम जाळतात. झिफ-६७ नावाची कोबाल्टची जांभळी मॉफ आहे. तिला हवा बंद करून, नायट्रोजनमध्ये सातशे-आठशे अंशांना तापवतात. कोळशाच्या भट्टीत लाकडाचं होतं तेच होतं: बांबूंचा सच्छिद्र कोळसा होतो आणि कोबाल्ट त्यात बारीक पेरलेला राहतो. हा कोळसा वीज वाहतो आणि कॉस्टिकमध्येही बरा टिकतो. मूळ जाळीची सुबक खोल्यांची रचना मात्र गेली. ज्या सौंदर्याला नोबेल मिळालं तेच भट्टीत घालायचं, तेव्हा कुठे ते कामाला येतं.

मग ही फसवणूक म्हणायची का? माझ्या मते नाही. पितळी मूर्ती ओतताना आधी मेणाची करतात. मेण वितळून जातं, मूर्ती मेणाची नसते, पण मेणावर कोरलेली प्रत्येक रेघ पितळेत उतरते. मॉफ हे मेण आहे. धातूचे अणू एकमेकांपासून किती दूर, कोणाच्या शेजारी कोण, कोळशात नायट्रोजन किती, हे सगळं आधी जाळीत ठरवता येतं आणि जाळी गेल्यावरही त्याची खूण मागे राहते. निकेलचं साधं हायड्रॉक्साइड बादलीत करून ही नेमकी मांडणी येत नाही. पण मग मेणाला मूर्ती म्हणू नये. ‘मॉफ उत्प्रेरकाने विक्रम केला’ असं लिहिताना पुष्कळदा तेच होतं, आणि इथे मला नोबेलच्या तेजात थोडी लबाडीही शिरलेली दिसते. नावात मॉफ असलं की शोधनिबंधाकडे जास्त लोक वळतात. नुसतं ‘निकेलचा चोथा’ म्हटलं तर कोण वाचणार?

‘मेण करायलाच लाखभर रुपये गेले तर?’ असंही कोणी म्हणेल. रास्त आहे. महागडे बांबू आणि द्रावकं वापरून केलेली जाळी शेवटी जाळायचीच असेल, तर तिच्या राखेने साध्या निकेलला चांगल्या फरकाने हरवलं पाहिजे. पुष्कळ निबंधांत ही शर्यत लावलेलीच नसते.

## एवढ्याशा व्होल्टने काय होतं?

खूप होतं. हायड्रोजनचा हिशेब व्होल्टवर चालतो: दर एका व्होल्टमागे किलोला २६.६ युनिट वीज. यंत्र १.९ व्होल्टवर चालत असेल तर साधारण ५० युनिट फक्त पाणी फोडायला. युनिट चार रुपयांनी पडली असं धरलं तर किलोमागे दोनशे रुपये विजेतच गेले, यंत्राची किंमत वेगळी. उत्प्रेरकाने फक्त ०.१ व्होल्ट वाचवला तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात. किरकोळ वाटतं ना? आता देशाच्या ५० लाख टनांना गुणा: वर्षाला १,३३० कोटी युनिट. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. ते वर्षभर एक मिनिटही न थांबता चालवले, जे कधीच होत नाही, तरी १,७१७ कोटी युनिट भरतील. एक दशांश व्होल्ट म्हणजे त्या काल्पनिक, अहोरात्र धावणाऱ्या कोयनेचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा.

मात्र याची दुसरी बाजूही याच गणितात आहे. ५० पैकी पावणेतीन युनिट, म्हणजे पाच टक्के. उत्प्रेरक कितीही उत्तम सापडला तरी बाकीच्या विजेचं बिल भरायचं आहेच. हरित हायड्रोजन स्वस्त होईल तो मुख्यतः स्वस्त वीज आणि स्वस्त यंत्रामुळे. उत्प्रेरक त्यात हातभार लावेल.

## आणि पाणी?

‘मराठवाड्यात टँकर फिरतायत आणि तुम्ही पाणी फोडताय?’ हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारतोच, आणि विचारायलाच हवा. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागतं. ५० लाख टनांना साडेचार कोटी घनमीटर, म्हणजे दीड टीएमसीहून थोडं जास्त. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या हे दोन टक्क्यांच्या आसपास. पाणी अतिशुद्ध करावं लागतं, यंत्र थंड ठेवावं लागतं, त्यासाठी दुप्पट-तिप्पट धरा. देशाच्या हिशेबात हा आकडा लहान आहे. पण पाणी देशाच्या हिशेबात प्यायलं जात नाही. सौरऊर्जा जिथे मुबलक तिथेच बहुधा पाण्याची टंचाई असते, आणि कारखाना नेमका त्या तालुक्यात आला तर हे दोन टक्के गावाच्या विहिरीतून जातात. हा प्रश्न कोणत्याही मॉफने सुटणारा नाही. तो जागा निवडणाऱ्यांचा आहे.

## तोवर ही जाळी दुसरीकडे कामाला लागली आहे

गंमत म्हणजे जिथे जाळीला जाळीच राहू देतात तिथे ती आधी कारखान्यात पोचली. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात केलेली कॅल्फ-२० ही जस्ताची मॉफ सिमेंट कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला वापरून पाहिली गेली आहे. ती वाफेत टिकते आणि टनांच्या हिशेबात बनवता येते. वायू आला, खोलीत बसला, थोडं गरम केलं की निघून गेला. बांबू तुटायचं कारणच नाही. परांचीचा हाच मूळ स्वभाव आहे, तिच्यावर येऊन बसावं आणि उतरून जावं.

पुण्यात आयसर आणि एनसीएल या दोन विज्ञान संशोधन संस्थांत अशा सच्छिद्र जाळ्यांवर बरीच वर्षं काम झालं आहे. हायड्रोजनवर चालणारी इंधनघटाची (फ्युएल सेलची) बस एनसीएल आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली होती. ती हायड्रोजन वापरते, बनवत नाही, एवढा फरक तेव्हाही ग्रुपवर हरवला होता.

तर पुढचा फॉरवर्ड येईल तेव्हा मी काय बघतो ते सांगतो. प्रवाह दहा मिलिअँपिअरचा की हजाराचा. यंत्र किती तास चाललं, दहा की दहा हजार. भांड्यात बळीचा बकरा कोण होता. आणि प्रयोग संपल्यावर उरलेली पावडर कोणी पुन्हा क्ष-किरणांखाली धरली का. जाळी शाबूत असेल तर आलेखावर तिच्या टोकदार रेघा उमटतात. पडली असेल तर तिथे नुसता टेंगळासारखा फुगवटा दिसतो. हा आलेख निबंधाच्या मुख्य पानांवर क्वचितच असतो, बहुतेक वेळा तो मागे जोडलेल्या पुरवणीत, चाळिसाव्या पानावर सापडतो.